मागच्या अंगणातल्या खुंट्या

गुलाब कुणीतरी छाटले होते.

वेड्यावाकड्या ओरबाडलेल्या फांद्या दिसल्या असत्या, तर टोचणीनं रस्त्यावरच्या गुराढोरांना चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण हे काम जाणत्या हाताचं होतं. प्रत्येक काप तिरका, जिथून कोंब फुटतो त्या डोळ्याच्या बोटभर वर. वाळकं तेवढं काढलेलं, हिरवं ठेवलेलं, आणि छाटलेल्या काड्यांची जुडी सुतळीनं बांधून खताच्या खड्ड्याशी उभी केलेली. आता हातात कात्री घेऊन फुकट राबून जाणारा चोर कुणी पाहिलाय?

टोचणी बसमध्ये तिकीट तपासायची. अठरा वर्षं झाली होती. तिकिटाला भोक पाडायच्या आधी ती माणसाला नजरेनं टोचून बघते, असं कंडक्टर लोक म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. थंडीच्या सुरुवातीला तिनं आणि नवऱ्यानं हे घर घेतलं. तीन खोल्या, पुढे वीतभर जागा आणि मागे बऱ्यापैकी लांब अंगण. अंगणाच्या टोकाला लाकडी फळ्यांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे एका म्हाताऱ्या शिंप्याचं घर. नवरा बेकरीत कामाला होता, तो पहाटेच भट्टीवर जायचा. घरात तिसरे म्हणजे सासरे. जन्मभर सुतारकाम केलेले, आता पेपर वाचणारे आणि दुपारी शिंप्याकडे पत्ते खेळायला जाणारे.

बागेतलं टोचणीला ओ की ठो कळत नव्हतं. पण पदरात बाग पडली आहे म्हटल्यावर ती उजाड ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं खुरपं घेतलं, फावडं घेतलं, नवी कात्री घेतली. रोपवाटिकेतल्या माणसानं सांगितलं होतं, थंडी ओसरायला लागली की आधी गुलाब छाटा, मग वाफे मोकळे करा. त्यासाठी तिनं रविवार ठरवला होता. आणि शुक्रवारी दुपारी कामावरून येऊन पाहते तर हे.

"बाबा, गुलाब कुणी छाटले?"

"छाटले का?" सासऱ्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. "बरं झालं. छाटायलाच आले होते."

टोचणीच्या मनात पाल चुकचुकली. तपासनीस बसमध्ये चढली रे चढली की काही माणसांना खिडकीबाहेरचं जग एकदम फार आवडायला लागतं. सासऱ्यांचा पेपर तिला त्या खिडकीसारखा वाटला.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो दिवसभर भट्टीपुढे उभा राहून पार शिजलेला असायचा. "चोर येऊन काम करून गेला म्हणतेस?" तो म्हणाला. "पुन्हा आला तर सांग, मोरीतला नळपण गळतोय."

"चेष्टा करू नका. कुणीतरी आपल्या आवारात शिरलंय."

"तुला ना, सगळीकडे विनातिकीट माणसं दिसतात."

पुढच्या मंगळवारी खुंट्या आल्या.

अंगणाच्या डाव्या कडेला दोन हात रुंदीचा एक मोकळा पट्टा होता. त्यात काहीच नव्हतं, गवताची काडीसुद्धा नाही. तिथं फरशी घालून स्कूटर आत घ्यायची, असं टोचणीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्या पट्ट्यात आता वीतभर उंचीच्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. चौदा. काही जवळजवळ, काही लांब. वाळका पाला झाडून एका कोपऱ्यात लोटलेला. टोचणी बराच वेळ कमरेवर हात ठेवून त्या खुंट्यांकडे बघत राहिली. मग घरात जाऊन तिनं खरेदीखताचा नकाशा काढला, मोजपट्टी घेतली आणि कुंपणापासून अंतरं मोजली. कुणाच्याच हद्दीशी खुंट्या जुळत नव्हत्या. म्हणजे हद्द नव्यानं आखायचा बेत असणार.

कुंपणापलीकडे शिंपी बनियनवर उन्हं खात बसला होता.

"काका, आमच्या अंगणात खुंट्या कुणी ठोकल्या, दिसलं का काही?"

"खुंट्या?" शिंप्याला खोकल्याची उबळ आली. ती जरा जास्तच लांबली. "माझी नजर आता अधू झाली हो, ताई. सुईत दोरा ओववत नाही मला."

"मागच्या आठवड्यात तर तुम्ही माझ्या ब्लाउजची उसवलेली शिवण पाच हातांवरून ओळखलीत."

"ते धंद्याचं वेगळं असतं," शिंपी म्हणाला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला.

आता मात्र कुठंतरी पाणी मुरतंय याची टोचणीला खात्री पटली. तिनं खुंट्यांना हात लावला नाही. पुरावा हलवायचा नसतो. त्याऐवजी ती दिवसांचा हिशेब मांडायला बसली. गुलाब शुक्रवारी. खुंट्या मंगळवारी. त्याच्या आधी एकदा खताचा खड्डा कुणीतरी वरखाली केल्यासारखा वाटला होता, तोही मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी तिची पहिली पाळी असायची. पावणेपाचला घर सोडायचं, ते दुपारीच परत. म्हणजे येणाऱ्याला तिच्या पाळ्या ठाऊक होत्या. आणि पाळ्यांचा कागद कुठे होता? स्वयंपाकघरात, फ्रीजच्या दारावर.

शनिवारी कपडे धुवायला काढताना सासऱ्यांच्या सदऱ्याचा खिसा तिनं उलटा केला. मोरीच्या फरशीवर लाकडाचा भुगा आणि रंध्याखालून निघालेलं एक कुरळं, पिवळसर सालपट पडलं. टोचणी उकिडवी बसून त्या सालपटाकडे बघत राहिली. घरभेदी घरातच होता तर.

पण कशासाठी? तिला एकच गोष्ट सुचत होती. शिंप्याला कपडे वाळत घालायला जागा कमी पडते, असं तो मागे बोलला होता. पत्ते खेळता खेळता सासऱ्यांनी मोठेपणानं पट्टा देऊन टाकला असणार. 'घ्या हो, आम्हाला कुठं लागतोय.' विचारायचं कुणाला? सुनेला? छे! तिला रागानं घाम फुटला. कर्ज काढून, मन मारून घेतलेलं घर, आणि हे दोन म्हातारे परस्पर वाटून घेतायत.

ती कुणाला काही बोलली नाही. सोमवारी डेपोत तिनं मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली. मंगळवारी नेहमीसारखी पावणेपाचला गणवेश घालून, डबा घेऊन, मुद्दाम दार जरा जोरात ओढून ती बाहेर पडली. कोपऱ्यावर गेली, वळली, आणि गल्लीतून मागे येऊन अंगणाला लागून असलेल्या कोळशाच्या जुन्या खोपटात शिरली. खोपटाच्या फटीतून अख्खं अंगण दिसत होतं. तिथं ती दोन-अडीच तास उभी राहिली. पायाला मुंग्या आल्या, नाकात धूळ गेली, शिंक आली ती तिनं रुमालात दाबली.

चांगलं उजाडल्यावर कुंपणाची एक फळी बाजूला सरकली.

टोचणीला वाटलं होतं शिंपी येईल. आली ती एक बाई. सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर, हातात कापडी पिशवी. फळीतून ती अशा सफाईनं आत आली, की टोचणीच्या लक्षात आलं, ही पहिली वेळ नव्हे. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि सासरे बाहेर आले. केस विंचरलेले. सकाळी सकाळी! हातात बशीसकट कप.

"साखर कमीच घातलीय," सासरे म्हणाले, अशा मऊ आवाजात की तो आवाज या घरात टोचणीनं कधी ऐकला नव्हता.

तिच्या डोक्यातला सगळा नकाशा एका क्षणात उलटापालटा झाला. पट्टा नाही, हद्द नाही. सासू जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हातारा प्रेमात पडला होता!

पण बाईनं कप कट्ट्यावर ठेवला, पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढला, जमिनीवर अंथरला आणि गुडघे टेकून कामाला लागली. शेवंतीचं जुनं खोड मुळापासून उपटायचं, मधला म्हातारा भाग फेकायचा, कडेचे कोवळे फुटवे वेगळे करून पुन्हा लावायचे. सासरे शेजारी उभे राहून लावलेल्या फुटव्यांना झारीनं पाणी घालत होते. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. सगळं बघणं त्या मातीकडे होतं.

टोचणी खोपटातून बाहेर आली.

"सापडलात!"

सासऱ्यांच्या हातातली झारी पडली. बाई मात्र दचकली नाही. तिनं हातातला फुटवा आधी खड्ड्यात ठेवला, माती दाबली, आणि मग वर पाहिलं.

"तुम्ही कोण? आणि आमच्या घरात काय करताय?"

"घरात नाही, अंगणात," बाई म्हणाली. "हे घर माझं होतं. तुम्ही घेतलंत ते माझ्याकडूनच. सह्या करायला माझा मुलगा आला होता, म्हणून आपली गाठ पडली नाही."

"मग विकलंत ना? कागदावर स्पष्ट लिहिलंय, झाडाझुडपांसकट."

"लिहिलंय."

"मग पुढच्या दारानं यायचं, बेल वाजवायची, विचारायचं. फळी सरकवून काय येता?"

"आले होते की. कडाक्याच्या थंडीत आले होते, पुढच्या फाटकाशी. तुम्ही खिडकीतूनच म्हणालात, 'आम्हाला काही घ्यायचं नाही, पुढे व्हा.'"

टोचणीला ते आठवलं. पिशवी घेतलेली एक बाई. अगरबत्त्या नाहीतर साबण विकणारी असेल असं तिला वाटलं होतं. आठवलं म्हणून ती नरम झाली नाही, उलट आणखीच तापली. आपली चूक पदरात पडली की तिचा आवाज चढायचा.

"ते काही असो. आजपासून हे बंद. फळी मी खिळे मारून पक्की करणार आहे."

"करा. त्या खुंट्यांचं तेवढं ऐकून घ्या, म्हणजे—"

"मला काही ऐकायचं नाही!"

बाईनं गोणपाट झटकलं, घडी केली, पिशवीत ठेवलं. चहा तसाच राहिला. फळीतून जाताना तिला गुडघा वाकवायला त्रास झाला, तेव्हा सासरे पुढे धावले. फळी मिटली.

"ऐकून तरी घ्यायचंस, सूनबाई," सासरे म्हणाले.

"आणि तुम्ही? माझ्या पाळ्यांचा कागद बघून लोकांना घरात घेता? मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"बंद केलं असतं!"

"मग?" म्हातारा म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं पिशवी भरली. "दोन दिवस लेकीकडे जातो." दोनाचे पाच दिवस झाले तरी तो आला नाही.

टोचणीनं त्याच दुपारी फळीला सहा खिळे ठोकले. खुंट्या उपटून चुलीपाशी टाकल्या. आपण बरोबर आहोत हे तिला माहीत होतं, कायदा तिच्या बाजूनं होता, तरी घर कसं ओकंओकं वाटत होतं. नवऱ्यानं दोनदा विचारलं, "बाबांचा फोन आला का?" आणि तिला त्या साध्या प्रश्नातही टोमणा ऐकू आला.

रविवारी तिनं फावडं घेतलं आणि पट्टा खणायला सुरुवात केली. फरशी घालायची तर आधी वीतभर माती काढायला हवी. राग हातात उतरला होता, त्यामुळे काम झपाट्यानं होत होतं. पहिला घाव, दुसरा, तिसरा. माती आश्चर्य वाटावं इतकी भुसभुशीत होती. चौथ्या घावाला पात्याखाली काहीतरी कच्चकन कापलं गेलं. कच्च्या बटाट्यासारखा आवाज.

"अहो, थांबा! थांबा, ताई!" कुंपणावरून शिंप्याचं डोकं वर आलं. तो बहुधा स्टुलावर चढला होता. "अहो, भुईचाफा आहे तो!"

टोचणीनं खाली वाकून माती बाजूला केली. एक गाठाळ कंद, मधोमध दोन तुकडे झालेला. त्याला बाळाच्या मुठीएवढा एक कोंब फुटला होता, जांभळट, घट्ट मिटलेला. तोही चिरला होता. आतल्या कळ्या दिसत होत्या, ओल्या कागदासारख्या पातळ, एकावर एक दुमडलेल्या. जमिनीच्या वर काहीही नसताना हे सगळं आत चाललं होतं, आणि ती रोज त्याच्यावरून ये-जा करत होती.

"थंडीत पानं मरून जातात," शिंपी वरूनच सांगत होता. "वर नावनिशाणी राहत नाही. मग एक दिवस नुसत्या मातीतून फूल येतं, आधी फूल, मागून पान. ज्याला ठाऊक नाही तो खणूनच काढणार. नर्सबाईंनी, म्हणजे तुमच्या आधीच्या मालकिणीनं, घर सोडताना कागद लिहून दिला होता हो, कुठं काय झोपलंय त्याचा. दलालाकडे दिला होता. त्यानं तुम्हाला दिला नाही?"

"नाही."

"टाकला असेल कुठंतरी. तिला काळजी, तुम्ही कुदळ घालाल म्हणून. खुंट्या त्यासाठी होत्या. तुमच्या सासऱ्यांनी करून दिल्या, मी फळी सैल केली. आता काय शिक्षा द्यायची ती तिघांना मिळून द्या."

टोचणी मातीत बसली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिला बोलायला शंभर शब्द सुचले असते. तिनं कापलेले तुकडे गोळा केले. तीन कंद होते, एकाला नुसतंच खरचटलं होतं. पेपरात गुंडाळले, आणि मातीच्या हातांनीच शिंप्याला विचारलं, "नर्सबाई राहतात कुठं?"

चार थांबे लांब. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार नर्सबाईंनीच उघडलं. टोचणीनं पुडकं पुढे केलं. बाईंनी ते स्वयंपाकाच्या ओट्यावर उघडलं, चष्मा लावला, आणि एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. जन्मभर बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलेले हात होते ते. घाई नाही, घबराट नाही.

"हा गेला," त्या म्हणाल्या. "हा जगेल. यंदा फुलणार नाही, पण जगेल. कापल्या जागेला राख लावा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग पुरा. ह्याला काहीच झालेलं नाही."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असणार? दिसत नव्हतं."

टोचणी उभीच होती. खिडकीच्या कट्ट्यावर दोन कुंड्या होत्या, बस. एवढ्या बागेतून एवढंच इथवर आलं होतं. "तुम्ही येत जा," ती एकदम म्हणाली. "पुढच्या फाटकानं. रविवारी मी घरी असते."

नर्सबाईंनी ओटा पुसून घेतला. "रविवारी नको. मंगळवारी येईन."

"मंगळवारी माझी पहिली पाळी असते."

"म्हणूनच. तुम्ही समोर उभ्या राहिलात तर माझा हात चालणार नाही. तपासणी चालू असल्यासारखं वाटेल."

यावर टोचणीला काहीतरी तिखट बोलायचं होतं. अनोळखी माणसाला, आपण नसताना, आपल्या आवारात मोकळं सोडायचं? अठरा वर्षांत तिनं शेजारणीला किल्लीसुद्धा ठेवायला दिली नव्हती. पण पेपरावर ते तुकडे पडलेले होते.

"बरं," ती म्हणाली. "मंगळवारी."

तिथूनच तिनं सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, घरी या. खुंट्या परत ठोकायच्यात. मी उपटल्या त्या कुठं होत्या, मला आता सांगता येत नाही."

"मला सांगता येतं," सासरे म्हणाले. "संध्याकाळच्या बसनं येतो."

त्या मंगळवारी टोचणीचं कामात लक्ष नव्हतं. एका प्रवाशाच्या तिकिटाला तिनं दोनदा भोक पाडलं. आठ वाजता तिनं घरी फोन केला. "आल्यात का?" "आल्यात." नऊला पुन्हा केला. "काय करताहेत?" "मातीत हात आहेत त्यांचे, काय करणार?" साडेदहाला तिसऱ्यांदा केला, तेव्हा सासऱ्यांनी उचललाच नाही, आणि पुढचा तासभर तिनं मनातल्या मनात घरातली एकेक वस्तू मोजून काढली.

दुपारी येऊन पाहते तर वाफे भुसभुशीत, कडा सरळ, गुलाबांना आळी केलेली, आणि पट्ट्यात खुंट्या पुन्हा उभ्या. यावेळी प्रत्येक खुंटीवर सासऱ्यांनी पटाशीनं आतल्या कंदाचं नाव कोरलं होतं. निशिगंध. लिली. भुईचाफा. टोचणी खाली बसून एकेक वाचत गेली. स्कूटर रस्त्यावरच राहणार, हे तिला तेव्हाच कळलं; नवऱ्याला सांगायचं तेवढं बाकी होतं.

मग तिची नजर शेवंतीच्या वाफ्याकडे गेली. कोपऱ्यात एक ताजा खड्डा होता. ओल्या मातीचा, शेजारच्या रोपापासून हातभर अंतरावर, एका रोपाएवढा. तिनं बाकीचे फुटवे मोजले. एक कमी होता.

"बाबा, इथलं एक रोप कुठंय?"

सासऱ्यांनी पेपर वर धरला. टोचणीनं तो बोटानं खाली केला.

"नेलं तिनं," ते म्हणाले. "एकच."

टोचणीनं फोन घेतला. बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. पलीकडे नर्सबाईंनी उचलला.

"शेवंतीचा एक फुटवा कमी आहे," टोचणी म्हणाली.

"नेला. सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं, की सांगायचं नव्हतं?"

"सांगायचं नव्हतं," नर्सबाई म्हणाल्या. "विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर मग मला पुन्हा यायला जमलं नसतं."

टोचणीनं अंगणाकडे पाहिलं. दुपारचं ऊन पट्ट्यावर आलं होतं, माती सुकून वर फिकट पडायला लागली होती.

"पुढच्या वेळी विचारून न्या," ती म्हणाली.

"विचारलं तर द्याल?"

तिला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण तिला खोटं बोलायचं नव्हतं.

"देईन," ती म्हणाली. "आणि कुंडीत पाणी बेतानं घाला. शिंपीकाका म्हणतात, तुमच्या खिडकीला ऊन कमी येतं."